अंग बाहेर येण्याचे ऑपरेशन झाले, आता हंडा कोण उचलणार?



बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला, कायमचे बद्धकोष्ठ आणि पाळी गेल्यानंतरची झीज यांमुळे गर्भपिशवीला धरून ठेवणारा आधार सैल पडतो आणि पिशवी खाली उतरते. यालाच आपण ‘अंग बाहेर येणे’ म्हणतो. लाजेपायी बाया हे दुखणे वर्षानुवर्षे लपवतात. शेवटी धीर करून ऑपरेशन होते आणि पंधरा दिवसांत हंडा पुन्हा कमरेवर येतो. आज आपण ऑपरेशननंतरच्या काळजीविषयी बोलू.

जखम आत असते

हे ऑपरेशन बहुतेक वेळा खालच्या वाटेने होते. पिशवी काढतात किंवा वर टाके घालून धरतात आणि सैल भाग आवळतात. पोटावर टाके दिसत नाहीत, म्हणून घरच्यांना बाई बरी झाली असे वाटते. पण आतली जखम भरायला साधारण सहा आठवडे लागतात. ओझे पेलण्याइतकी ताकद यायला तीन महिने जातात. टाके बहुधा आपोआप विरघळतात, दोऱ्याचा तुकडा पडला तर घाबरू नये. काही आठवडे थोडा तांबूस किंवा तपकिरी स्राव जातो. त्यासाठी स्वच्छ पॅड वापरावे, आत कापूस किंवा कापड घालू नये.

ओझे

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा भांड्यासकट पंधरा किलोच्या वर जातो. पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोपेक्षा जड काही उचलू नये. भरलेली बादली, गॅसची टाकी, ओल्या कपड्यांचे पिळे, कडेवर नातवंड, सगळे बंद. उकिडवे बसून लादी पुसणेही नको. धुणीभांडी किंवा बिगारी काम करणाऱ्या बहिणींनी आपले काम डॉक्टरांना नीट सांगावे आणि कामावर कधी जायचे ते कागदावर लिहून घ्यावे.

मात्र दिवसभर पडूनही राहू नये, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. आधी घरात, मग गल्लीत, रोज थोडे जास्त चालावे. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे.

शौच आणि लघवी

कुंथले की टाक्यांवर ताण येतो. सार्वजनिक संडासाची रांग नको म्हणून आपण पाणी कमी पितो. त्यानेच बद्धकोष्ठ होते आणि लघवीला जळजळ लागते. पाणी भरपूर प्यावे. भाकरी, पालेभाजी, डाळी, केळी खावीत. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होत असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्यावे. संडासाला जाताना बादली दुसऱ्याने न्यावी. मशेरी आणि तंबाखू सोडावी, त्यांनी जखम उशिरा भरते. खोकला आला तर अंगावर काढू नये.

व्यायाम आणि संबंध

लघवी रोखताना जे स्नायू आवळतात, तेच आवळून पाच मोजेपर्यंत धरावेत, मग सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवात कधी करायची ते डॉक्टरांना विचारावे. लघवी करताना हा व्यायाम करू नये.

सहा आठवडे आणि तपासणी होईपर्यंत नवराबायकोचा संबंध नको. नवऱ्याला सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांनाच सांगायला लावावे.

लगेच दवाखान्यात जा

- लाल रक्त जास्त जात असेल किंवा गाठी पडत असतील
- ताप, थंडी किंवा घाण वासाचा स्राव असेल
- लघवी अडली किंवा खूप जळजळ झाली
- पोटदुखी वाढत असेल, उलट्या होत असतील
- एका पायाची पोटरी सुजली, दुखली
- छातीत दुखले, धाप लागली

सहा आठवड्यांची तपासणी बरे वाटत असले तरी चुकवू नये. काही जणींना पुढे पुन्हा खाली काही उतरल्यासारखे वाटते. तेव्हा लपवू नका, लगेच दाखवा.

घरातल्या पुरुषांना आणि मुलामुलींना आमचे सांगणे आहे: ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी पुढच्या तीन महिन्यांचे पाणी कोण भरणार तेही ठरवा. डॉक्टरांनी घातलेले टाके टिकवणे आता तुमच्या हातात आहे.