माकडहाडाविषयी भाचीस पत्र

अमरावती



पाठीचा कणा जिथे संपतो, तिथल्या लहानशा हाडाला माकडहाड म्हणतात. तीन ते पाच इवलेसे मणके जुळून ते बनते, वर त्रिकास्थीला म्हणजे कमरेमागच्या त्रिकोणी हाडाला जोडलेले असते आणि ओटीपोटाचा तळ पेलणारे स्नायू त्याच्याशी येऊन मिळतात. ते बोटांना टोकदार लागते म्हणून अकोल्याच्या वसतिगृहात मनाशी कुढत राहावे, असे त्यात काही नाही. बहुतेक वेळा ती शरीराची घडण असते, व्यंग नव्हे.

बाळाला वाट मिळावी म्हणून स्त्रीचा कटिबंध, म्हणजे कमरेच्या हाडांचा घेर, रुंद असतो; त्यामुळे बसताना भार घेणारी दोन हाडे एकमेकांपासून दूर राहतात, त्यांच्यामागचे माकडहाड पुरुषाच्या मानाने उघडे पडते आणि त्याचे दुखणेही स्त्रियांत सुमारे ५ पट अधिक आढळते. त्यातच काहींचे हाड जन्मतःच जास्त वाकलेले असते, तर काहींच्या टोकाशी हाडाचा बारीक काटा असतो. वजन झपाट्याने उतरले की हाडाखालची चरबीची गादी विरळ होते आणि तेच हाड अधिक वर आल्यासारखे भासते. उलट स्थूल देहात बसताना कटिबंध पुरेसा मागे कलत नाही, म्हणून हाडावर मागे सरकण्याचा ताण येतो. बाळंतपणात बाळाचे डोके बाहेर येताना ते मागे ढकलले जाते, आणि ओल्या न्हाणीत पाय घसरून बसकण मारली गेली, तर ते सरकू किंवा मोडू शकते.

वऱ्हाडातल्या बायकांच्या दिनक्रमात या हाडाला विसावा कमीच मिळतो. दिवसभर वाकून कापूस वेचलेली बाई सांजवेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसते, तेव्हा पांदण रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट तिथे पोचतो. चटईवर भिंतीला रेलून तासन्‌तास अभ्यास करणाऱ्या मुलीचेही तसेच होते, कारण पाठ मागे कलली की भार बैठकीच्या दोन हाडांवरून माकडहाडावर सरकतो. म्हणून भाचीने किंचित पुढे झुकून बसावे, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, मागच्या बाजूने खाच असलेली उशी घ्यावी, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, आणि बारीक दिसण्याच्या हट्टापायी ताटातली भाकरी, वरण कमी करू नये. साध्या मुक्या माराचे दुखणे बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अशा काळजीनेच शमते.

मात्र उंचवटा नव्याने आला वा वाढत चालला, तिथे लाली, पू किंवा ताप आला, रात्री झोप मोडण्याइतके दुखू लागले, किंवा विनाकारण वजन घटू लागले, तर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाचा अस्थिरोग विभाग गाठण्यास उशीर करू नये. केसतोडाचे गळू किंवा क्वचित गाठही अशीच दिसते. मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी जावे. जागा लाजेची वाटते म्हणून पिढ्यानपिढ्या बायकांनी हे दुखणे पदराआड सोसले. भाचीने ते सोसू नये, आणि मैत्रिणीलाही सोसू देऊ नये.

मावशीचे आशीर्वाद.