पिंपळाचे पान

नेर हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथील एका उर्दू शाळेत नववीचा मराठीचा तास चालू होता. सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : 'भारतरत्न'. मग त्यांनी विचारले, "हा सन्मान कोणाकोणाला मिळाला आहे, सांगा पाहू."

पाच-सहा मुले एकदम ओरडली, "सचिन तेंडुलकर!"

"बरोबर. २०१४ साली. आणखी?"

"मौलाना आझाद," पुढच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली.

"शाब्बास! मौलाना साहेबांना तो १९९२ साली मरणोत्तर, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, दिला गेला. हयात असताना त्यांनी तो घेण्यास नकार दिला होता, असे सांगतात. जे स्वतः सरकारात बसून सन्मान ठरवतात, त्यांनीच तो घेऊ नये, असे त्यांचे मत होते."

सरांनी खिशातून पिंपळाचे एक पान काढले आणि टेबलावर ठेवले. मुले हसली.

"हसू नका. भारतरत्नाचे पदक अशाच पानाच्या आकाराचे असते. ते काशाचे असून सुमारे सहा सेंटिमीटर लांब असते. त्यावर प्लॅटिनमचा सूर्य असतो आणि खाली देवनागरीत 'भारतरत्न' अशी अक्षरे असतात. मागच्या बाजूला आपली राजमुद्रा असते."

एका मुलाने लगेच पट्टी काढून पान मोजले. ते पदकापेक्षा बरेच मोठे निघाले.

"आणि पैसे किती मिळतात, सर?"

"एक रुपयाही नाही. पदक मिळते आणि राष्ट्रपतींच्या सहीची सनद मिळते. सनद हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे! हा सन्मान १९५४ साली सुरू झाला. १९७७ ते १९८० या काळात तो बंद होता. पंतप्रधान राष्ट्रपतींकडे नावाची शिफारस करतात. जात, धंदा, हुद्दा किंवा स्त्री-पुरुष असा भेद त्यात नाही. पूर्वी कला, साहित्य, विज्ञान आणि लोकसेवा एवढ्याच क्षेत्रांतील लोकांना तो मिळत असे. २०११ साली नियम बदलला आणि सर्व क्षेत्रांना दार उघडले. म्हणून तर तुमचा सचिन तेथे पोहोचला! आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा किताब आपल्या नावापुढे किंवा नावामागे लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तसे स्पष्ट सांगितले आहे."

"मग त्याचा उपयोग काय?" मागून आवाज आला.

प्रश्न चांगला होता. सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "सचिनला हा सन्मान मिळाला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. इतक्या लहान वयात तो दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. आता शंभराव्या वर्षी ज्यांना तो मिळाला, त्यांची गोष्ट ऐका. तेही महाराष्ट्राचेच."

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात झाला. त्यांचे बालपण समुद्रकाठच्या मुरूड या गावी गेले. घरी गरिबी होती, पण शिकण्याची ओढ मोठी. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. ऐन पावसात, डोंगरवाटेने, शंभराहून अधिक मैल! नेरहून अमरावतीला पायी जावे आणि पायी परत यावे, त्याहूनही हे अंतर जास्त आहे. एवढे करून साताऱ्याला पोहोचले, तर साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि सांगितले, "तू वयाने लहान दिसतोस. परीक्षेला बसता येणार नाही." ते तसेच परत आले.

पुढे ते खूप शिकले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्यांची पहिली पत्नी वारली. त्या काळी त्यांच्या समाजात विधवेचे दुसरे लग्न होत नसे. आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा होत आणि जन्मभर घराच्या कोपऱ्यात राहत. कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई नावाच्या विधवेशी लग्न केले. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरूडचे लोक संतापले. त्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. कर्वे घरी उतरले तर घरच्यांनाही वाळीत टाकू, असे त्यांनी बजावले.

"वाळीत टाकणे म्हणजे काय, सर?"

"कोणी बोलायचे नाही, कोणी घरी यायचे नाही, सुखदुःखात कोणी विचारायचे नाही. ज्या गावात लहानाचे मोठे झालो, त्याच गावाने असे करावे! विचार करा."

कर्वे भांडत बसले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. स्वतःच्या विम्याची पाच हजार रुपयांची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. पुण्याबाहेर हिंगणे येथे माळरानावर जागा मिळाली. १९०० साली तेथे झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमातील मुलींना शिकवण्यासाठी हिंगण्याला पायी जायचे, असा त्यांचा क्रम होता. रस्ता धड नव्हता. पावसाळ्यात चिखल तुडवत जावे लागे. आश्रमाला लागणारे सामानही पुष्कळदा त्यांच्याच हातात असे.

जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली. असे विद्यापीठ आपल्याकडेही हवे, असे त्यांनी ठरवले आणि १९१६ साली ते सुरू केले. मुलींना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. (तुम्ही उर्दूतून शिकता, म्हणून हे मुद्दाम सांगतो.) तेच विद्यापीठ आज एस. एन. डी. टी. या नावाने ओळखले जाते.

त्यांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली भारतरत्न मिळाले. त्याच वर्षी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्यांच्या चित्राचे टपाल तिकीटही निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले.

"आता मघाचा प्रश्न," सर म्हणाले. "भारतरत्न हा शब्द नियमाने त्यांच्या नावाला लावता येत नाही. लोकांनी मात्र आपण होऊन त्यांना महर्षी म्हटले. जेथे ते चिखलातून जात, त्या हिंगण्याचा भाग आज पुण्यात कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. किताब नावाला लावता आला नाही, पण नाव गावाला लागले. पदक आले ते सर्वांच्या शेवटी. साठ-पासष्ट वर्षे काम झाल्यावर."

वर्ग शांत होता. टेबलावरचे पान एव्हाना हातोहाती फिरत शेवटच्या बाकापर्यंत गेले होते. तेथे बसलेल्या मुलीने विचारले, "सर, हिंगणे पुण्यापासून किती दूर होते?"

"सुमारे चार मैल. म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटर."

मुलीने मनात काहीतरी मोजले.

"आमच्या गावाहून ही शाळाही तेवढीच आहे, सर," ती म्हणाली. "एसटी चुकली की मीसुद्धा पायीच येते."