फ्लॅशच्या जोडीला दिवा

प्रस्तावना

तालुक्याच्या गावी छोटा फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या व्यावसायिकाकडे बहुधा एक कॅमेरा आणि एक-दोन फ्लॅश असतात. तेवढ्यावर ओळखपत्राची छायाचित्रे, बारशी, साखरपुडे निभावतात. पुढे गिऱ्हाईक चित्रफीतही मागू लागते आणि क्षणभर चमकणारा फ्लॅश तेथे निरुपयोगी ठरतो. मग सतत प्रकाश देणाऱ्या दिव्याचा शोध सुरू होतो. असे दिवे काही शे रुपयांपासून लाखाच्या पुढेपर्यंत मिळतात. उसनवारीचे पैसे चुकीच्या दिव्यात अडकले, तर एका लग्नसराईची कमाई त्यातच जाऊ शकते. म्हणून असा दिवा कोणत्या कामासाठी घ्यावा आणि घेताना काय पारखावे, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

क्षणाचा प्रकाश, सततचा प्रकाश

फ्लॅशमध्ये वीज आधी साठवली जाते आणि सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. समजा, ६० ज्यूल ऊर्जेच्या फ्लॅशशेजारी १०० वॅटचा दिवा ठेवला आहे. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या अवधीत दिवा अवघी १ ज्यूल ऊर्जा वापरतो. डोळे दिपतात ते दिव्याने. पण छायाचित्रापुरता फ्लॅश कितीतरी पटींनी भारी असतो. तेव्हा फ्लॅश विकून दिवा घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. बागडणारे मूल स्थिर टिपावे ते फ्लॅशनेच.

दिव्याचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. शटर जितका वेळ उघडे राहील, तितका त्याचा प्रकाश चित्रात साठत जातो. फ्लॅशचे तसे नाही. तो चमकून गेल्यावर शटर कितीही वेळ उघडे राहो, त्याच्या प्रकाशात भर पडत नाही. यातून एक उपयुक्त युक्ती हाती येते. चेहऱ्यावर फ्लॅश आणि मागच्या भिंतीवर दिवा अशी योजना करावी. शटरचा अवधी सेकंदाच्या पन्नासाव्या भागावरून पंचविसाव्या भागावर नेला, की भिंतीवरील दिव्याचा उजेड चित्रात दुप्पट येतो. चेहरा होता तसाच राहतो. दागिने, भांडी, मिठाई अशा अचल वस्तूंसाठी तर कॅमेरा तिपाईवर ठेवून पूर्ण एक सेकंद शटर उघडे ठेवता येते. तेथे साधा दिवाही पुरतो, शिवाय सावली कोठे पडते आहे ते आधीच दिसते.

दिवा पारखताना

हॅलोजन दिवा स्वस्त असतो, पण तो बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतो. ५०० वॅटचा हॅलोजन जेवढा उजेड देतो, जवळजवळ तेवढा चांगला एलईडी १०० वॅटमध्ये देतो. हॅलोजनच्या अगदी जवळ कापड लावल्यास ते पेट घेऊ शकते. तान्ह्या बाळाचे छायाचित्र काढताना तो वापरूच नये, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. फ्लॅशचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा, तर हॅलोजनचा ३२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळसर असतो. दोन्ही एकत्र वापरले, की एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो. संगणकावर एक दुरुस्त करावा तर दुसरा बिघडतो. ५६०० केल्विनचा एलईडी फ्लॅशशी जुळतो. मात्र त्याचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, ९५ किंवा अधिक असावा. तो कमी असेल, तर कुंकू विटलेले आणि त्वचा निस्तेज दिसते. दुकानात आपलाच कॅमेरा न्यावा. पांढरा कागद, कुंकू आणि स्वतःचा तळहात यांचे छायाचित्र त्या दिव्यात काढून पाहावे. मग दिवा मंद करून मोबाईलने चित्रण करावे. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा चित्रफितीच्या कामाचा नाही.

दुकानदार वॅटचा आकडा पुढे करील. त्याला भुलण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की उघडा दिवा दुप्पट अंतरावर नेला, तर प्रकाश चौथाई उरतो. मोठा दिवा घेण्याआधी आहे तो जवळ आणावा. एलईडीपुढे पांढरे सुती कापड ताणले, की सावल्या मऊ होतात. त्यासाठी घरचे जुने धोतर चालते. गावात वीज जात असेल, तर बॅटरीवरही चालणारा दिवा पाहावा. दोन सुमार दिव्यांपेक्षा एकच चांगला दिवा आणि मजबूत स्टँड घेणे बरे. स्टँडला वाळूची पिशवी बांधावी. मांडवात पोरे धावतात.

पाठावरील प्रश्न

१. शटर अधिक वेळ उघडे ठेवल्याने फ्लॅशचा प्रकाश का वाढत नाही?
२. ४० वॅटचा दिवा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात किती ज्यूल ऊर्जा वापरेल?
३. तुमच्या घरातील एखाद्या एलईडी दिव्याची मोबाईलने परीक्षा घ्या आणि जे दिसले ते पाच-सहा वाक्यांत लिहा.