मॉलिब्डेनमचा शोध : डोंगराखालचा उपडा वाडगा

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मॉलिब्डेनाइट या खनिजाच्या बाबतीतही अशीच गफलत झाली. ग्रीक भाषेत ‘मॉलिब्डॉस’ म्हणजे शिसे. मऊ, चकचकीत आणि बोटाला काळे लागणारे हे खनिज कोणी शिशाचे समजत, कोणी ग्राफाइट. ते या दोहोंहून निराळे आहे, हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७८ मध्ये दाखवून दिले. मॉलिब्डेनाइट हे मॉलिब्डेनम धातू व गंधक यांचे संयुग आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, बार्टलेट पर्वतावर, चार्ल्स सेंटर याला १८७९ मध्ये खडकात राखाडी शिरा आढळल्या. त्यांत सोने नव्हते, चांदीही नव्हती. तरी त्याने त्या जागेवरील हक्क सोडला नाही. हे खनिज मॉलिब्डेनमचे आहे, हे १८९५ मध्ये कळले. पण तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हते. पोलादात थोडे मॉलिब्डेनम मिसळले, की ते तापल्यावरही कणखर राहते. पहिल्या महायुद्धात अशा पोलादाची गरज वाढली आणि तेथे क्लायमॅक्स ही खाण सुरू झाली.

हे खनिज तेथे आले कसे? सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी खोलवरचा शिलारस वर सरकला आणि भूपृष्ठाखालीच थिजू लागला. त्यातून सुटलेल्या उष्ण द्रवांच्या दाबाने वरचे खडक तडकले. द्रव निवताना त्या भेगांत गारगोटी व मॉलिब्डेनाइट साचले. म्हणून थिजलेल्या शिलारसाच्या माथ्यावर धातुकाचा थर उपड्या वाडग्यासारखा बसतो. शिलारस पुन्हा पुन्हा आला, तर एका वाडग्याखाली दुसरा तयार होतो. क्लायमॅक्सला असेच घडले होते.

आता या ज्ञानाचा उपयोग पाहा. क्लायमॅक्सपासून सुमारे ५० किलोमीटरवर रेड माउंटन हा डोंगर आहे. तेथील उरॅड खाण पूर्वीपासून माहीत होती. तिच्या खाली आणखी एक वाडगा असेल काय? पृष्ठभागावरून तर काहीच दिसत नव्हते. भूवैज्ञानिकांनी खोल वेधन करून खडकाचे लांबट गाभे बाहेर काढले. त्यांतील शिरा आणि उष्ण द्रवांनी पालटलेले खडक तपासत ते आणखी खाली गेले. अखेर १९६४ मध्ये डोंगरमाथ्यापासून सुमारे एक किलोमीटर खाली हेंडरसनचा मोठा साठा सापडला. १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले.

सेंटरच्या शिरा डोळ्यांना दिसत होत्या. पण त्या कशाच्या, हे त्याला कळत नव्हते. हेंडरसनचा साठा कोणालाच दिसत नव्हता. तो आधी विचाराने ओळखला गेला आणि मग हाती लागला.

तुमच्यासाठी एक प्रश्न : ग्राफाइटची घनता पाण्याच्या सुमारे २.२ पट, तर मॉलिब्डेनाइटची सुमारे ४.७ पट असते. सारख्याच आकाराचे, सारखेच राखाडी दिसणारे दोन तुकडे तुमच्यापुढे ठेवले, तर मॉलिब्डेनाइट कोणते, हे कसे ओळखाल?