पिवळ्याचं लाल, पांढऱ्याचं गुलाबी

लहान मुलांसाठी ‘रंगांचे प्रयोग’ शोधायला गेलं की मोबाइलवर ढिगाने याद्या मिळतात. पहिल्याच ओळीत लाल कोबी, मग खायच्या रंगांच्या बाटल्या, मग टिश्यू पेपरचा रोल. आदिलाबादच्या भाजीबाजारात लाल कोबी मागितला की भाजीवाली आधी आपल्याला नीट न्याहाळते. त्याची गरजही पडत नाही. तीन ते सात वर्षांच्या पोरांना घेऊन मी जे काही केलं, त्याचं सामान मिसळणाच्या डब्यात, शेताच्या बांधावर नाहीतर शेजारच्या अंगणात मिळालं. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे. क्रम माझ्या मर्जीचा.

१. सुरुवात हळदीने करा.

आमच्या गल्लीत काही घरं तेलुगू, काही मराठी. नवं जोडपं दारात आलं की शेजारच्या अव्वा परातीत पाणी घेऊन त्यात हळद कालवतात. मग पानाच्या डब्यातला चुना बोटाच्या टोकावर घेतात आणि ते बोट पाण्यातून फिरवतात. बोट जिथून जातं तिथे लाल रेघ उमटते, रेघ रुंद होते आणि बघता बघता सगळी परात कुंकवासारखी लाल. हे ‘एर्र नीळ्ळु’, म्हणजे लाल पाणी. दृष्ट काढायलाही तेच. मोठी माणसं नवरा-नवरीकडे बघत असतात, पोरं मात्र परातीवर वाकलेली.

हळदीतलं कर्क्युमिन लिंबाच्या रसात किंवा साध्या पाण्यात पिवळं राहतं, क्षार भेटला की लालसर होतं. घरी करायचं तर जुन्या पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. कपड्याच्या साबणाची ओली वडी पोराच्या हातात द्या आणि त्या कापडावर चित्र काढू द्या. रेघा लाल उमटतात. त्यावर लिंबाची फोड फिरवली की पुन्हा पिवळ्या. पुन्हा साबण, पुन्हा लाल. हा खेळ पोरं आपणहून थांबवत नाहीत, लिंबूच संपतं.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. पोरांच्या हाती चुना द्यायचा नाही. डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होते. साबणाने तेच काम होतं.

२. काय होणार, ते आधी पोराच्या तोंडून काढा.

‘बघ हं, आता हे लाल होणार’ असं आपण म्हणालो की प्रयोग तिथेच संपला. मग उरते जादूची करमणूक. त्याऐवजी विचारावं, ‘साबण लावला तर काय होईल?’ उत्तर येतं, ‘पांढरं होईल. साबणाने डाग जातो.’ तर्क चोख आहे! चार वर्षांच्या पोराने स्वतःच्या अनुभवावरून बांधलेला आहे. मग तो डोळ्यांदेखत खोटा ठरतो आणि पोर गप्प होतं. त्या गप्प होण्यात आपण बोलू नये. कर्क्युमिन, आम्ल, क्षार हे शब्द आपल्यासाठी. त्यांनी विचारलं तरच सांगायचे, आणि तेही एका वाक्यात.

३. आपल्या गावचं पीक सोडून दुसरीकडे जाऊ नका.

आदिलाबादच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी. दिवाळीच्या सुमाराला वेचणी सुरू झाली की मार्केट यार्डाकडे जाणारा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून जातो आणि बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकतात. इथल्या पोरांना कापूस ठाऊक आहे, निदान आपल्याला तसं वाटतं.

दोन वाट्यांत पाणी घ्या, त्यात शाईचे चार थेंब टाका. एका वाटीत शेतातून आणलेल्या कापसाचा, सरकी काढून हाताने मोकळा केलेला पुंजका ठेवा. दुसरीत औषधाच्या दुकानातला कापूस. दुकानातला क्षणात निळा होऊन खाली बसतो. शेतातला पाण्यावर तरंगत राहतो, कोरडाच्या कोरडा. बोटाने दाबून बुडवला तरी वर येतो. ‘हा रुसला,’ आमची धाकटी म्हणाली.

रुसण्याचं कारण आहे मेण. कापसाच्या प्रत्येक तंतूवर निसर्गानेच मेणाचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. औषधाच्या दुकानातल्या कापसाचं हे मेण कारखान्यात क्षारात उकळून काढून टाकलेलं असतं. घरीही धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कापूस अर्धा तास उकळला, नीट खळबळून वाळवला आणि मग शाईच्या पाण्यात टाकला, तर त्याचा रुसवा बराचसा गेलेला दिसतो. उकळायचं काम अर्थात मोठ्यांचं. रंगारी सूत रंगवण्याआधी ते का उकळून घेतात, याचं उत्तर या वाटीत आहे. हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण पोरं शाळेत गेल्यावर दुसऱ्यांना शिकवतात आणि खिशात कापूस घेऊन जातात.

याच पिकाचा दुसरा खेळ पावसाळ्यात. पऱ्हाटीला फुलं लागली की सकाळी उमललेल्या एखाद्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. पहिल्या दिवशी फूल पांढरट, किंचित पिवळसर झाक असलेलं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी. पुढे ते कोमेजून गळतं आणि मागे इवलंसं बोंड राहतं. परागीभवनानंतर पाकळ्यांत जांभळट-लाल रंगद्रव्य तयार होतं म्हणून हा बदल. पण पोराला हे कसं कळावं? त्याला वाटतं, झाडावर दोन जातींची फुलं आहेत. दोरा बांधल्याशिवाय हा समज मोडत नाही. कालचंच फूल आहे याचा पुरावा हवा, तो दोरा देतो.

फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नका. शेतकऱ्याला आधी विचारा. कुंडीत सरकी पेरली तर झाड घरीच येतं, आणि तोच मार्ग उत्तम.

४. यादी बाजूला ठेवा, हंगाम धरा.

रंग बारमाही मिळतात ते दुकानात. झाडाझुडपांचे रंग आपल्या वेळेवर येतात, आणि ती वेळ चुकली की वर्षभर थांबावं लागतं. हे थांबणंही मुलांना कळायला हवं. किनवट-माहूरच्या वाटेला फेब्रुवारीच्या शेवटी पळस पेटतो. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांचा मोदुगु. नेमका २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली त्या दिवशी रामन यांच्या प्रकाशाविषयीच्या शोधाची घोषणा झाली, आणि १९८७ पासून तो दिवस देशभर पाळतात. शाळांत भाषणं होतात. मी पोरांना घेऊन झाडाखाली पडलेली फुलं वेचते. झाडावरची तोडायची गरज नसते, इतका सडा असतो. फुलं पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग उतरतो. गाळलेल्या पाण्याचे दोन भाग करून एकात चिमूटभर खायचा सोडा टाका. रंग गडद केशरी होतो. हळदीचा खेळ खेळलेली मुलं इथे स्वतःहूनच लिंबू मागतात. त्याच पाण्याने रंगपंचमी.

भोवतालच्या वस्तूंतून मुलांना शिकवण्याची कल्पना काही नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची महागडी साधनं तिथे परवडणार नव्हती. पानं, बिया, शिंपले, दगड हीच त्यांची साधनं झाली. आज मात्र खेड्यातल्या घरातही ‘लर्निंग किट’ कुरिअरने येतं, त्यातले सहा रंग एका दुपारी संपतात आणि खोका उरतो.

५. रंग बाहेरून लागतो तसा आतूनही चढतो.

भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस इकडे बतुकम्माचा सण. फुलांचे थरावर थर रचायचे. पिवळा थर तंगेडूचा, म्हणजे आपला तरवड. ते तेलंगणाचं राज्यफूल. आणि गुनुगु, म्हणजे आपला कुरडू, जो आपण तण म्हणून उपटून फेकतो. त्याचे पांढरट तुरे इथल्या बायका जुड्या बांधून रंगाच्या पाण्यात बुडवतात. काही जुड्या जांभळ्या, काही हिरव्या, काही गुलाबी. तुरा कागदासारखा कोरडा, त्यामुळे रंग धरून ठेवतो.

बाया जुड्या बुडवत असताना त्यांच्याकडून वाटीभर रंगाचं पाणी मागून घ्या आणि त्यात पांढऱ्या शेवंतीची एक काडी देठाकडून उभी करा. बुडवलेला तुरा लगेच रंगतो. शेवंती संध्याकाळपर्यंत ढिम्म हलत नाही. सकाळी उठून पाहावं तर पाकळ्यांच्या कडांना, शिरांना रंग आलेला. देठ आडवा कापून दाखवा, आतल्या बारीक नळ्यांचे ठिपके रंगलेले दिसतात. झाड पाणी ‘पितं’ हे पोरांनी शंभरदा ऐकलेलं असतं, ते असं दिसतं.

६. एका वेळी दोनच रंग.

सगळे रंग पुढ्यात ठेवले की पाच मिनिटांत वाटीत चिखल तयार होतो. पिवळा आणि निळा द्या, बस्स. हिरवा त्यांना सापडू द्या. लाल दुसऱ्या दिवशी.

७. उन्हाळ्याला शिव्या देऊ नका, कामाला लावा.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि पोरं दुपारभर घरात कोंडलेली असतात. सकाळी लवकर हळदीत रंगवलेलं सुकं कापड पाटावर ताणा, त्यावर पिंपळाचं किंवा शेवग्याचं पान ठेवा, वर काच दाबा आणि पाट गच्चीवर ठेवून खाली या. संध्याकाळी पान उचला. भोवतालचं कापड फिकट झालेलं, पानाखालची जागा पिवळीच. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात घातला की उडतो, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. प्रकाशाने कर्क्युमिन मोडतं. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये फुलापानांचे रस कागदाला लावून अशाच रीतीने उन्हाकडून चित्रं काढून घेतली होती. आता त्या कापडावर साबणाचं पाणी फिरवा. पान लाल होऊन वर येतं.

८. गोकर्णाचा वेल लावा.

तो लावला की लाल कोबीचा विषय संपला. पाच-सहा निळी फुलं गरम पाण्यात टाका, निळं पाणी तयार. लिंबाने जांभळं-गुलाबी, खायच्या सोड्याने हिरवट. चिंच, ताक, साबण, राख, जे हाताला लागेल ते तपासून बघू द्या. राखेचं पोरांना फार नवल वाटतं.

९. जो रंग पकडता येत नाही तोही दाखवा.

दिवाळीत राज गोंडांचा दंडारीचा सण असतो. गुस्साडी नर्तक डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप घालून गावोगाव नाचत जातात. मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये याच नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. मुलं टोपाकडे टक लावून बघतात, म्हणून घरी आल्यावर गळालेलं एक मोरपीस हातात द्यावं. समोरून उजेड पडला की निळं-हिरवं. तेच पीस खिडकीसमोर धरून पलीकडून येणाऱ्या उजेडात पाहिलं की मातकट तपकिरी. निळा गेला कुठे? पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. असतात ते तपकिरी द्रव्याचे अतिसूक्ष्म कण, ठरावीक अंतराने रचलेले, आणि त्या रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशातून निळा-हिरवा दिसतो. पळसाचा रंग उकळून काढता आला, मोरपीस कितीही उकळलं तरी पाणी निळं होणार नाही. साबणाच्या फुग्यावरचे रंगही द्रव्याचे नसतात. तो खेळ लगेच जोडून घ्यावा.

असाच चास. तेलुगूत पालपिट्टा, तेलंगणाचा राज्यपक्षी. तारेवर पंख मिटून बसलेला असला की सहज लक्षात येत नाही. उडाला की पंखांतला निळा उघडतो. रामन यांनी १९३४ मध्ये पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर निबंध लिहिला, तो याच पक्ष्याची पिसं तपासून. दसऱ्याला पालपिट्टा दिसणं शुभ मानतात, म्हणून लोक दुपारनंतर शिवाराकडे निघतात. पोरांना बरोबर न्या आणि तारांवर नजर ठेवायला सांगा. पकडलेला चास पिंजऱ्यात घालून दर्शनाचे पैसे मागणारेही त्या दिवशी भेटतात. त्यांना पैसे देऊ नका; पक्षी असा पकडून ठेवणं गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यात पंख उघडायला जागा नसते, त्यामुळे बघण्यासारखा निळा तिथे दिसतही नाही.