हुनर हातात, ओळख कागदात

करमाडजवळ शेंद्रा एमआयडीसी आहे. वेल्डिंग, वायरिंग, एसी दुरुस्ती अशी कामे करणारी आपली कितीतरी मुले उस्तादाच्या हाताखाली शिकून तयार झाली आहेत. त्यांतलाच एक तरुण वेल्डर आखाती देशात गेला. हाती सनद नव्हती, म्हणून व्हिसा हेल्परचा मिळाला. काम वेल्डरचे आणि पगार हेल्परचा, अशी दोन वर्षे त्याने काढली. हुनरात उणीव नव्हती, उणीव कागदाची होती. म्हणून कारागीर बंधूंनी पुढील चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

1) परवान्याचे धंदे : काही कामे मालकाने ठेवून घेतले की करता येतात. काहींना कायद्याने परवाना लागतो. आपल्या महाराष्ट्रातही वायरमनला सरकारी परवाना घ्यावा लागतो. सौदी अरेबियात इंजिनिअरला तिथल्या इंजिनिअर्स कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. डॉक्टर आणि नर्स यांनाही तसेच. एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही.

2) शिक्का म्हणजे मान्यता नव्हे : आयटीआयच्या किंवा शाळेच्या सर्टिफिकेटवर आधी राज्य सरकारचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घ्यावा लागतो. 1961 च्या हेग करारातील देशांसाठी मंत्रालय ‘अपोस्टिल’ देते. भारत या करारात 2005 साली आला. ओमान, बहारीन आणि 2022 पासून सौदी अरेबियाही त्यात आहेत. जे देश करारात नाहीत, त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा लागतो. पण हे शिक्के एवढेच सांगतात की कागद खरा आहे. कापडाच्या ताग्यावरचा शिक्का गिरणीचे नाव सांगतो. रंग टिकेल की नाही, हे गिऱ्हाईक पाण्यात टाकूनच पाहते.

3) हुनराची परीक्षा : ही पाण्यात टाकून पाहण्याची रीत सौदी सरकारने कारागिरांसाठी सुरू केली आहे. 2022 च्या अखेरीस तेथील कौशल्य तपासणी योजना भारतात आली. सुरुवात इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी-फ्रीज मेकॅनिक आणि गाड्यांचे इलेक्ट्रिशियन या पाच धंद्यांपासून झाली. पुढे धंदे वाढत गेले. परीक्षा लेखी आणि प्रत्यक्ष कामाची, दोन्ही असते. तेव्हा ज्याला केवळ हाताने येते, त्याने कामातील नावे, मापे आणि सुरक्षेचे नियमही शिकावेत. जे आयटीआयला गेले नाहीत, त्यांच्यासाठी 2015 च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. जवळच्या आयटीआयत जाऊन चौकशी करावी.

4) नावाचा घोळ : आम्ही उर्दू शाळेत शिकलेल्यांची ही जुनी दुखणी. दाखल्यावर ‘शेख मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद शेख’, पासपोर्टवर ‘मो. शेख’. उर्दूत एकच असलेले नाव इंग्रजीत उतरताना प्रत्येक कारकून आपल्या मनाने लिहितो. परदेशी अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसे वाटतात. सर्व कागदांवर एकच स्पेलिंग असावे. फरक असल्यास शिक्क्यांच्या मागे लागण्यापूर्वीच दुरुस्ती करावी. नाव बदलणेच भाग असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावे.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत आणि चिलखते घडवीत. त्यामुळे हाताच्या हुनराची इज्जत आपल्याला नव्याने शिकायची नाही. पण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याचीही ताकीद आहे, हे आपण विसरतो. उस्तादांना एवढीच विनंती की, शागिर्दाला हुनराबरोबर कागद करण्याचीही सवय लावा. एजंटाच्या दारात जाण्यापूर्वी फाईल तयार असेल, तर आपल्या मुलाला त्याच्या कामाचा पूर्ण मोबदला मागता येईल, इन्शाअल्लाह.