परसबागेत तेरडा

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी म्हण असली, तरी श्रावण-भाद्रपदात ओढ्याकाठी व बांधावर फुलणाऱ्या तेरड्याला आपल्या घरांत मोठा मान आहे. कोकणात पुष्कळ घरी तेरड्याच्या रोपांचीच गौर आणतात. त्यासाठी रानातील रोपे मुळासकट उपटली जातात. त्या वेळी बोंडे बहुधा कोवळी असतात. तेरडा ही एका हंगामात जीवन संपविणारी वनस्पती असल्याने बी पिकण्यापूर्वी रोप उपटले, की त्याचा वंश तेथेच खुंटतो. म्हणून गौरीपुरता तेरडा परसातच लावणे इष्ट होय.

जमीन : पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन चालते. पाणी साचल्यास रसाळ खोड कुजते. म्हणून भारी जमिनीत गादीवाफे करावेत. कुजलेले शेणखत बेताने घालावे. खत अधिक झाल्यास पाला माजतो व फुले कमी येतात.

पेरणी : मृगाचा पाऊस पडून वाफसा येताच बी विरळ फोकून वर मातीचा पातळ थर द्यावा. आठवडाभरात उगवण होते. रोपे चार पानांवर आली, की दोन रोपांत सुमारे एक वीत अंतर राहील अशी विरळणी करावी. काढलेली रोपे पावसाळी दिवशी अन्यत्र लावता येतात. सुमारे दोन महिन्यांत फुले येऊ लागतात.

बी धरणे : गौरीसाठी निम्मीच रोपे घ्यावीत; उरलेली बियांसाठी राखावीत. पिकलेले बोंड हात लागताच फुटून बी दूर उडते. यास्तव बोंड फुगून फिकट पिवळसर दिसू लागताच ते मुठीत धरून खुडावे. बी सावलीत वाळवून कोरड्या बाटलीत ठेवावे. वाफ्यात सांडलेले बी पुढील पावसाळ्यात आपोआप उगवते.

साताऱ्याजवळील कास पठारावरील तेरड्याच्या जाती निराळ्या असून त्या तेथील उथळ मातीत वाढतात. त्यांची रोपे परसात लावण्यासाठी आणू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या आवारात एक वाफा करून त्याचे बी गावात वाटावे. मूठभर बियांनी घरची गौर सजेल आणि ओढ्याकाठचा तेरडाही टिकेल.